कोंडलेल्या उंटाची किंमत किती?

बुद्धिबळ शिकू लागलेल्या मुलाला मोहऱ्यांच्या चाली समजल्या की लगेच एक कोष्टक पाठ करून घेतले जाते. प्याद्याला एक गुण, घोड्याला तीन, उंटाला तीन, हत्तीला पाच आणि वजिराला नऊ. राजाला गुण नाहीत, कारण तो गेला की डावच संपला. हे कोष्टक उपयोगी आहे, यात शंका नाही. नवशिका खेळाडू त्याच्या आधाराने एका प्याद्यापायी हत्ती घालवीत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या बहुतेक शाळांत बुद्धिबळाचे शिक्षण या कोष्टकापाशी येऊन थांबते. मग मुले पटावर काय चालले आहे ते पाहण्याऐवजी पटाबाहेर काढून ठेवलेल्या मोहऱ्यांची बेरीज करीत बसतात. माझी बेरीज जास्त, म्हणजे मी जिंकतो आहे, अशी त्यांची समजूत होऊन जाते.

हा विषय आजच काढण्याला कारण आहे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरविले आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी ती १९ वर्षांची होती. विदर्भातील मुलगी जगात पहिली आली म्हटल्यावर कारंजा तालुक्यातील आमच्या कामरगावसारख्या गावातही पालक आणि शिक्षक बुद्धिबळाकडे नव्याने पाहणार, हे साहजिक आहे. पट आणि मोहरी आणणे काही कठीण नाही, त्याला प्रयोगशाळेइतका खर्चही येत नाही. कठीण आहे ते पुढचे. प्रशिक्षक नसलेल्या शाळेत कोष्टकानंतर शिकवायचे काय? माझ्या मते कोष्टक जिथे फसते ती जागा शिकवावी. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा एक डाव मी सुचवतो. पट मांडून बसा, म्हणजे पुढचे वाचायला सोपे जाईल.

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या गावी १९१९ साली एक स्पर्धा झाली. तीत क्यूबाचा कापाब्लांका अकरा डावांत साडेदहा गुण मिळवून पहिला आला. पुढे १९२१ साली तो जगज्जेता झाला. या स्पर्धेत विल्यम विंटर नावाचा तरुण इंग्रज खेळाडू त्याच्याविरुद्ध पांढरी मोहरी घेऊन बसला होता. हा काही कच्चा खेळाडू नव्हे. १९३५ आणि १९३६ साली तो ब्रिटनचा विजेता झाला. दोघांनी चार घोड्यांची सुरुवात खेळली. पांढऱ्याने आपला उंट जी५ वर आणून काळ्याचा घोडा वजिराला जखडून ठेवला. काळ्याने एच६ वर प्यादे टाकून त्याला हटकले, तेव्हा उंट एच४ वर सरकला. नंतर दहाव्या खेळीला पांढऱ्याचा घोडा डी५ वर गेला आणि काळ्याने जी५ वर प्यादे पुढे ढकलले. घोड्यांची मारामारी झाली आणि उंट जी३ वर गेला. मग उंट-घोड्याची आणि वजिरांची मारामारी झाली आणि पंधराव्या खेळीला काळ्याने एफ६ वर प्यादे ठेवले.

या क्षणाची मांडणी अशी आहे. पांढरा राजा जी१ वर, हत्ती ए१ आणि एफ१ वर, उंट जी३ वर. प्यादी ए२, बी२, सी२, डी३, ई४, एफ२, एफ३ आणि एच३ वर. काळा राजा जी८ वर, हत्ती ए८ आणि एफ८ वर, उंट डी६ वर. प्यादी ए७, बी७, सी७, सी५, ई५, एफ६, जी५ आणि एच६ वर. खेळी पांढऱ्याची आहे.

आता कोष्टक लावा. दोघांकडे दोन-दोन हत्ती, एक-एक उंट आणि आठ-आठ प्यादी आहेत. एकवीस विरुद्ध एकवीस, तराजूचा काटा बरोबर मध्ये. कापाब्लांकाच्या दृष्टीने मात्र डाव इथेच संपल्यासारखा होता. पांढऱ्याचा जी३ वरचा उंट नीट पाहा. त्याच्या पुढे ई५, एफ६, जी५ अशी काळ्या प्याद्यांची भिंत आहे, मागे स्वतःचे एफ२ वरचे प्यादे आहे. त्याला कोणी मारायला येणार नाही. जुन्या खेळाडूंच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या पाठीशी जोर आहे. तो सुरक्षित आहे, पण कामाचा नाही. पुढची लढाई पटाच्या डाव्या बाजूला, म्हणजे ए, बी, सी या पट्ट्यांवर झाली, तर तिथे त्याला जाताच येणार नाही.

विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर बसवली आहे आणि वीजच नाही, असे समजा. मोटरीच्या पत्र्यावर पाचाचा आकडा कोरलेलाच असतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी दारे धरायला गेला, तर शेजारीपाजारी हसतील. बुद्धिबळात मात्र आपण पत्र्यावरचाच आकडा वाचतो.

यावर चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, मग नुसती मोहरी न मोजता त्यांच्या चाली मोजू या. ज्या मोहऱ्याला जास्त घरे मोकळी, त्याची किंमत जास्त. ही कल्पना चांगलीच आहे, आणि ती एका मोठ्या शास्त्रज्ञाला सुचलेली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन याने १९५० साली गणकयंत्राला बुद्धिबळ कसे शिकवता येईल, यावर एक निबंध प्रसिद्ध केला. संगणक अजून बाल्यावस्थेत असतानाची ही गोष्ट. यंत्राने एखादी स्थिती चांगली की वाईट हे ठरवावे कसे, यासाठी त्याने नमुन्यादाखल एक सूत्र दिले. त्यात मोहऱ्यांच्या नेहमीच्या किमती होत्या. दुबार, मागे पडलेल्या आणि एकाकी प्याद्यांसाठी अर्ध्या गुणाची वजावट होती. शिवाय नियमाप्रमाणे करता येणाऱ्या प्रत्येक खेळीमागे एक दशांश गुण होता. हे सूत्र ढोबळ आहे याची शॅननला पूर्ण जाणीव होती. पण त्यातला चालींचा भाग आपण वरच्या स्थितीला लावून पाहू.

हा हिशेब स्वतः करून पाहावा. मला तो असा दिसतो. पांढऱ्याच्या राजाला ३ खेळ्या आहेत, प्रत्येक हत्तीला ४, उंटाला ४ आणि प्याद्यांना मिळून ९. एकूण २४. काळ्याची पाळी आहे असे धरले तर त्याच्या राजाला ४, हत्तींना ४ आणि ५, प्याद्यांना ९ आणि उंटाला केवळ १. एकूण २३. म्हणजे चालींच्या मोजणीत पांढराच एक दशांशाने पुढे! त्याहून मौज अशी की ज्याला आपण कैदी म्हणतो त्या पांढऱ्या उंटाला चार घरे मिळाली आणि कापाब्लांकाच्या उंटाला ई७ हे एकच घर मिळाले.

माझ्या मते या डावातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. आपण एक मोजमाप ढोबळ म्हणून टाकून दिले, त्याहून बारीक मोजमाप आणले आणि तेही चकले. असे का झाले, हे वर्गात विचारण्यासारखे आहे. पांढऱ्या उंटाची चार घरे कोणती? एच२, एच४, एफ४ आणि ई५ वरचे काळे प्यादे. एच४ किंवा एफ४ वर गेला तर काळ्या प्याद्याच्या तोंडी पडतो. ई५ वरचे प्यादे मारले तर लगेच मारला जातो. उरले एच२, ते तर कोठडीचा दुसरा कोपरा. नियमाने खेळी करता येते आणि ती करून काही साधते, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. काळ्या उंटाचे उलट आहे. त्याच्या वाटेत सी५, सी७ आणि ई५ वर उभी असलेली प्यादी त्याची स्वतःची आहेत. मालकाच्या मनात येईल तेव्हा दार उघडता येते. पांढऱ्याच्या उंटाच्या दाराची किल्ली शत्रूच्या कमरेला आहे. एखादे मोहरे कोंडले आहे की नुसते आळसावून बसले आहे, हे चालींच्या संख्येवरून कळत नाही. ते बाहेर काढायला किती खेळ्या लागतील आणि काय किंमत द्यावी लागेल, हे पाहावे लागते.

ती किंमतही पाहू. पांढऱ्याने एफ३ वरचे प्यादे एफ४ वर ढकलून भिंत फोडायचे ठरवले, तर काळा ते ई५ वरच्या प्याद्याने मारतो. उंटाला एच२ वर पळावे लागते, आणि त्याच्या तिरक्या वाटेवर एफ४ ला आता काळे प्यादे उभे असते. प्यादे गेले आणि कोठडी जिथल्या तिथे. दुसरा उपाय म्हणजे एच४ वर प्यादे नेणे. विंटरने ते एकोणिसाव्या खेळीला नेले. काळ्याने ते जी५ वरच्या प्याद्याने मारले असते तर भिंतीला खिंडार पडून उंट सुटला असता. कापाब्लांकाने ते मारले नाही. पांढऱ्यालाच मारू दिले आणि एच६ वरच्या प्याद्याने परत मारून भिंत पुन्हा बांधली.

वजिरांची मारामारी कापाब्लांकाने का केली, हाही प्रश्न पडावा. वजिराबदली वजीर म्हणजे कोष्टकाच्या दृष्टीने शून्य फरक. पण कोंडलेला उंट वगळून लढणारी मोहरी मोजा. पांढऱ्याकडे वजीर आणि दोन हत्ती अशी तीन, काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि उंट अशी चार. प्रमाण तीनास चार. वजीर गेले की दोनास तीन. एकेक हत्ती गेला की एकास दोन. राहिलेलेही हत्ती गेले की शून्यास एक. बरोबरीची प्रत्येक मारामारी काळ्याचा वरचष्मा वाढवीत जाते. अपूर्णांकांचे हे साधे गणित सहावीच्या मुलालाही कळते, आणि बुद्धिबळाच्या पुस्तकांतील पानभर उपदेशापेक्षा ते अधिक पटते असे मला वाटते.

आता मुख्य खेळी. काळ्याने राजा ई६ वर आणला, हत्ती ए आणि बी पट्टीवर ठेवले, ए५, बी५, सी६ अशी प्यादी सरकवली. पांढऱ्याने आपले दोन्ही हत्ती ए पट्टीवर आणले आणि ए४, बी३ अशी प्याद्यांची फळी करून वाट अडवली. पट्टी बंद राहिली असती तर काळ्याचा जादा उंट तरी आत कुठून शिरणार? तेविसाव्या खेळीला कापाब्लांकाने सी५ वरचे प्यादे सी४ वर ढकलले. तिथे पांढऱ्याची बी३ आणि डी३ वरची दोन्ही प्यादी त्याला मारू शकतात. शिवाय बी५ वरच्या काळ्या प्याद्यावर ए४ वरच्या प्याद्याची नजर आहेच. कोष्टक वाचणाऱ्याला ही खेळी म्हणजे हातातले प्यादे फेकणे वाटेल.

पांढऱ्याने ते मारले असते तर? डी३ वरच्या प्याद्याने मारा किंवा बी३ वरच्या, दोन मारामाऱ्यांनंतर एकच स्थिती येते. सी४ वर पांढरे प्यादे, काळा एका प्याद्याने कमी आणि बी पट्टी सताड उघडी. मग काळा हत्ती बी४ वर येतो आणि सी४ चे प्यादे वाचवायला पांढऱ्याकडे काही नाही. ए४ चेही प्यादे धोक्यात. सी४ वर प्यादे सरकताच काळ्याच्या त्या एका घराच्या उंटाचे काय झाले तेही पाहा. त्याला सी५, बी४, ए३, सी७, ई७, एफ८ अशी सहा घरे मोकळी झाली. पांढऱ्या उंटाला तीच चार.

विंटरने बी५ वरचे प्यादे मारणे पत्करले. काळ्याने बी३ वर मारले, पांढऱ्याने परत मारले, हत्तीने बी५ घेतले आणि पुढच्याच खेळीला बी३ चेही प्यादे घेतले. आणखी थोडी झटापट होऊन एकोणतिसाव्या खेळीनंतर विंटरने डाव सोडला. तेव्हा त्याच्याकडे केवळ एक प्यादे कमी होते, आणि उंट जी३ वर शाबूत होता. कापाब्लांकाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘चेस फंडामेंटल्स’ या पुस्तकात, मोहरी रणभूमीपासून तोडण्याच्या प्रकरणात, हाच डाव घेतला आहे.

बलिदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वजीर देऊन तीन खेळ्यांत मात करण्याचा थरार उभा राहतो. त्या प्रकारात शेवट आधी मोजता येतो. तो बरोबर मोजला असेल तर धोका कसलाच नसतो, त्यामुळे खरे पाहता ते उधारीवर घेतलेले बक्षीसच. स्थितीसाठी केलेले बलिदान निराळे. त्यात मात दिसत नसते. आपण एक प्यादे किंवा हत्तीसारखे मोहरे देतो आणि बदल्यात एक मोकळी पट्टी, एक भक्कम घर किंवा शत्रूच्या एका मोहऱ्याचा वनवास मिळवतो. फळ कधी मिळेल ते सांगता येत नाही. कापाब्लांकाचे प्यादे लवकर परत मिळाले, म्हणून काही कडक समीक्षक त्याला बलिदान म्हणणारही नाहीत. त्यांच्यासाठी पुढचे उदाहरण आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीने अल्फाझिरो नावाच्या कार्यक्रमाचे निकाल जाहीर केले. स्टॉकफिश या तेव्हाच्या अतिशय बलवान बुद्धिबळ कार्यक्रमाशी तो शंभर डाव खेळला. २८ जिंकला, ७२ बरोबरीत सुटले, हार एकही नाही. त्या सामन्याच्या अटींवर जाणकारांनी आक्षेप घेतले होते, आणि त्यांत तथ्यही होते. परंतु डाव तर पटावर उरलेच आहेत. त्यांतील एका डावात पांढरी मोहरी खेळणाऱ्या अल्फाझिरोने स्टॉकफिशच्या वजिराला एच८ च्या कोपऱ्यात लोटले. वजिराच्या शेजारी त्याचाच राजा, समोर एच७ आणि जी६ वर त्याचीच प्यादी, आणि पांढऱ्याचे एच६ वरचे प्यादे दारात पहारेकऱ्यासारखे. अल्फाझिरो त्या वेळी दोन प्याद्यांनी मागे होता. अशा स्थितीत सत्तेचाळिसाव्या खेळीला त्याने हत्ती देऊन घोडा घेतला, म्हणजे आणखी तोटा पत्करला. दोनच खेळ्यांनी दुसरा हत्ती एफ६ वर बसवून वजिराची एकुलती एक तिरकी वाटही बंद केली. नऊ गुणांचा वजीर सहा-सात खेळ्या कोपऱ्यात उभा राहिला. शेवटी स्टॉकफिशला तो एका हत्तीवर द्यावा लागला आणि साठाव्या खेळीला डाव संपला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्या काळच्या स्टॉकफिशमध्ये स्थितीचे मोल ठरविण्याचे नियम माणसांनी लिहिलेले होते. ते शॅननच्या सूत्राचेच फार वाढलेले, फार बारकावे असलेले वंशज. अल्फाझिरोला फक्त खेळाचे नियम दिले होते. वजिराचे नऊ गुण त्याला कोणी शिकवले नव्हते. स्वतःशी लाखो डाव खेळून, अशा स्थितीतून निकाल काय लागतो, एवढेच तो शिकला. त्यामुळे कोपऱ्यातला वजीर वजीर असल्याचे ओझे त्याच्या मनावर नव्हते, जर यंत्राला मन असते तर. २०२० पासून स्टॉकफिशही शिकलेल्या जाळ्याच्या साहाय्याने मोल ठरवू लागला आणि पूर्वीपेक्षा कितीतरी बलवान झाला.

म्हणून यंत्र सांगेल तेच खरे मानावे काय? इथेच मी अनेक पालकांशी असहमत आहे. मोबाइलवर डाव खेळला की बाजूला एक पांढरी-काळी पट्टी वरखाली होते आणि एक आकडा दिसतो. मुलगा पट्टीकडे पाहतो, आपण कुठे चुकलो ते त्याला कळल्यासारखे वाटते आणि तो पुढचा डाव सुरू करतो. आकडा बहुधा बरोबरच असतो. पण तो का आला, हे मुलाने विचारलेले नसते आणि यंत्र सांगत नाही. तापमापीवरचा आकडा वाचणे आणि ताप कशाने आला हे समजणे यांत जो फरक आहे, तोच हा. गुणांच्या कोष्टकाच्या जागी यंत्राचा आकडा बसवला तर पाठांतराची एक वस्तू जाऊन दुसरी आली, एवढेच.

शिक्षकांचा एक आक्षेप मला मान्य आहे. जे मूल अजून वजीर फुकट घालवते त्याला बलिदानाच्या गोष्टी सांगितल्या, तर ते उद्या वजीर मुद्दाम घालवील आणि त्याला बलिदान म्हणेल. असे होतेच. टाळ्यांसाठी मोहरी उधळणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यावर उपाय एकच, त्याला खेळीआधी लिहायला लावणे. शत्रूचे कोणते मोहरे खेळाबाहेर आहे, ते परत यायला किती खेळ्या लागतील, आणि तोवर मी कुठे काय करणार. वहीत हे लिहिता आले तर खुशाल प्यादे द्यावे. डाव हरला तरी त्या मुलाला रागावू नये. आपल्याकडे चूक मोजताना मोहरी मोजतात, विचार मोजत नाहीत, आणि त्यामुळे चांगला विचार करून हरलेला मुलगा पुढच्या वेळी मुकाट्याने प्यादी गोळा करू लागतो. मला याची खरी खंत वाटते. असे मूल दोन वर्षांत खेळाला कंटाळते. गावच्या शाळेत तर त्याला सावरणारा प्रशिक्षकही नसतो. शहरातल्या मुलासारखा महागडा वर्ग त्याला परवडत नाही, म्हणून बुद्धिबळ हा आपला खेळ नव्हे, असा निष्कर्ष घरचे काढून मोकळे होतात.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. एका दिवसात सहा-सात फेऱ्या उरकायच्या म्हणून दहा-दहा मिनिटांचे डाव ठेवले की जो पटकन प्यादे मारतो तोच पुढे जातो. शत्रूचा उंट तीस खेळ्या कोंडून ठेवणाऱ्याला घड्याळच हरवते. निदान एक फेरी संथ ठेवावी, खेळ्या लिहिणे सक्तीचे करावे आणि आपल्या डावावर उत्तम टिपण लिहिणाऱ्याला विजेत्याइतकेच बक्षीस द्यावे. याला जास्तीचा खर्च एका वहीचा आहे.

बलिदान दरवेळी जिंकण्यासाठीच असते असेही नाही. १९५३ साली झुरिकच्या स्पर्धेत रेशेव्हस्कीविरुद्ध पेट्रोस्यानने आपला हत्ती ई६ वर, शत्रूच्या उंटाच्या तोंडी, आपण होऊन नेऊन ठेवला. बदल्यात त्याचा घोडा डी५ या घरी जाऊन बसला, तिथून त्याला हुसकावणे पांढऱ्याला जमले नाही आणि पांढऱ्याच्या हत्तींना मोकळी पट्टी मिळाली नाही. एकेचाळिसाव्या खेळीला डाव बरोबरीत सुटला. पडता डाव त्या हत्तीने सावरला.

ज्या शाळेत दोन पट आहेत तिथे एक प्रयोग करता येईल. वर दिलेली विंटर-कापाब्लांका स्थिती दोन्ही पटांवर मांडावी. एका पटावर ती जशीच्या तशी ठेवावी. दुसऱ्यावर पांढऱ्याचा जी३ वरचा उंट काढून घ्यावा, म्हणजे कोष्टकाप्रमाणे पांढरा तीन गुणांनी मागे पडेल. मग सारख्याच तयारीच्या जोड्या बसवून, बाजू आलटून पालटून, प्रत्येक पटावर निदान दहा डाव खेळावेत आणि निकाल तक्त्यात मांडावेत. उंट असलेला पांढरा आणि उंट नसलेला पांढरा यांच्या गुणांत किती फरक पडतो, ते पाहावे. फरक फार पडला तर माझे म्हणणे तपासून पाहावे लागेल, हे मी आधीच मान्य करतो. घाई करू नये, आठवड्याला दोन डाव झाले तरी पुरे. आणि पहिल्या पटावर खेळताना पांढऱ्याच्या बाजूने उंट वेळेवर सोडवण्याची वाट कोणाला सापडली, तर सर्व खेळ्या क्रमाने लिहून, शाळेचे नाव आणि इयत्ता घालून, संपादकांकडे जरूर पाठवाव्यात.